गायीला फॅट लागत नाही: काय तपासायचं, आणि जातीला कधी दोष द्यायचा

गेली चौदा वर्षं मी आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रावर फॅटच्या मशीनमागे बसते. सकाळी साडेपाच ते आठ, संध्याकाळी परत तेवढंच. घरच्या गोठ्यात नऊ गायी. म्हणजे दूध घालणारीही मीच आणि फॅट काढणारीही मीच, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन झाल्यात. गाव संगमनेर तालुक्यात, गायी जवळपास सगळ्या संकरित, आणि दर दहा दिवसांच्या पगाराला ठरलेला प्रश्न: "ताई, फॅट का लागंना?"

यावर लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे दुकानातून फॅट वाढवायची बाटली आणतात. दुसरी, गायीच्या जातीला शिव्या घालतात. जातीचा दोष असतो, नाही असं नाही. पण तो सगळ्यात शेवटी सिद्ध होतो, कारण त्याच्या आधीची कारणं फुकटात तपासता येतात आणि बरीचशी आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतात. रक्तातली फॅट बदलायला साडेतीन वर्षं लागतात. म्हणून या क्रमानं चला.

लक्षणं आधी नीट ओळखा

सगळ्या गोठ्याची फॅट आठ-पंधरा दिवसांत खाली आली असेल, तर गायींची जात त्या पंधरा दिवसांत बदललेली नाही. चारा, ऊन किंवा मशीन, या तिघांपैकी कोणीतरी बदललंय.

एकाच गायीची फॅट कमी आणि बाकीच्यांची ठीक असेल, तर तिचं वेताचं वय, तिची कास किंवा तिचं रक्त.

गाय घरात आल्यापासून ३.२-३.३ टक्के फॅटच्या वर कधी गेलीच नाही, हिवाळा असो की उन्हाळा, तर मात्र रक्ताचा संशय घ्यायला हरकत नाही.

फॅट कमी पण डिग्री (लॅक्टोमीटरवरचा दुधाच्या घट्टपणाचा आकडा) जागेवर, आणि फॅट-डिग्री दोन्ही खाली, ही दोन वेगळी दुखणी आहेत. फॅट पाण्यापेक्षा हलकी, म्हणून दुधातली फॅट कमी झाली तर लॅक्टोमीटरची डिग्री पडत नाही, उलट जराशी चढते. दोन्ही पडले तर दुधात पाणी तरी गेलंय किंवा गाय उपाशी तरी आहे. पाणी म्हटलं की लोक चिडतात, पण ते मुद्दाम घातलेलंच असतं असं नाही. धुतलेलं कॅन उपडं न घालता तसंच ठेवलं की तळाला पाव लिटर राहतं. पाच लिटर दुधात पाव लिटर म्हणजे किती, ते तुम्हीच बघा.

आणि एक लक्षण लोकांना लक्षण वाटतच नाही: नुकत्याच व्यायलेल्या एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गायीची फॅट एकदम ५ च्या वर. पेढे वाटायची घाई नको. त्याचं खाली सांगते.

पहिली तपासणी: वही

दहा दिवस प्रत्येक गायीचं सकाळ-संध्याकाळचं दूध, फॅट आणि डिग्री लिहा. केंद्राची पावती सगळ्या गोठ्याच्या एकत्र दुधाची असते, तिच्यावरून कोणती गाय मार खातेय ते कळत नाही. वेगवेगळे नमुने घेऊन या. कोणत्याही केंद्रावर, गर्दी ओसरल्यावर गेलात तर, चार नमुने काढून देतात. मी तरी देते.

शेजारी व्यायल्याची तारीखही लिहा. व्यायल्यानंतर दूध चढत जातं तशी फॅट उतरत जाते, आणि दूध सगळ्यात जास्त असतं त्या दीड-दोन महिन्यांत फॅट सगळ्यात कमी. पुढे दूध घटायला लागलं की फॅट हळूहळू चढते. दोन महिन्यांपूर्वी व्यायलेल्या, वीस लिटरच्या गायीला ३.३ लागली तर तो रोग नाही. गोठ्यातल्या सहापैकी चार गायी एकाच महिन्यात व्यायल्या असतील, तर सगळ्या गोठ्याची फॅट एकदम पडल्यासारखी वाटते. अशा निम्म्या तक्रारी मी वहीवरच मिटवल्यात.

दुसरी: धार कशी काढता

सडातून येणाऱ्या पहिल्या धारेत फॅट एक-दोन टक्के असते आणि अगदी शेवटच्या निपटणीत सात-आठच्याही पुढे जाते. फॅटचे थेंब कासेत मागे अडकून राहतात आणि शेवटी उतरतात. आता आपल्याकडे वासराला दूध कधी पाजतात? धार झाल्यावर, शेवटी. म्हणजे मलई वासराला आणि ताक डेअरीला.

आमच्या वस्तीवरच्या एक काकू दोन वर्षं भांडत होत्या की त्यांच्या गायीला ३ च्या वर फॅट लागत नाही. एके दिवशी मी त्यांच्या गोठ्यात धारेला जाऊन बसले. चारही सडांत चार-चार मुठी दूध शिल्लक असताना काकूंनी बादली उचलली आणि वासरू सोडलं. म्हटलं, आज वासराला आधी पाजा, मग धार काढा, आणि पूर्ण निपटा. त्या दिवशी ३.७. गाय तीच, चारा तोच. वासराला तोडा असं मी म्हणत नाही. मोजून बाटलीनं पाजा किंवा आधी पाजा, पण शेवटची धार बादलीत येऊ द्या. ते वासराच्या पोटालाही बरं, नाहीतर एकदम जाड दूध पिऊन हगवण लागते.

मशीननं धार काढणाऱ्यांनीही कप काढायच्या आधी कास हातानं चाचपून बघावी. गाय पान्हा सोडत नसेल तर इंजेक्शन नको. कास धुवा, चोळा, मिनिटभर थांबा.

सकाळ-संध्याकाळचा फरक वेगळा. संध्याकाळी पाचला धार आणि सकाळी सहाला धार, म्हणजे रात्रीचं अंतर तेरा तास. जास्त अंतर, जास्त दूध, पातळ फॅट. सकाळी ३.३ आणि संध्याकाळी ३.९ हे बहुतेक गोठ्यांत चालतं, त्यासाठी कोणाला बोलवायला नको.

तिसरी: नमुना आणि मशीन

नमुना घ्यायच्या आधी दूध वरून खाली चांगलं ढवळलेलं पाहिजे. अर्धा तास उभ्या राहिलेल्या कॅनमध्ये फॅट वर येते. वरून पळी घातली तर जास्त, तळातून घेतलं तर कमी. दोन्ही चूकच, फक्त पहिल्या चुकीची कोणी तक्रार करत नाही.

आता बहुतेक केंद्रांवर आवाजाच्या लहरींवर चालणारं मशीन असतं. त्याला दुधातले बुडबुडे चालत नाहीत, फ्रीजमधल्या दुधातल्या लोण्याच्या गुठळ्या चालत नाहीत, आणि आतली नळी रोज धुतली नाही तर आकडा हळूहळू सरकतो. एकच नमुना दोनदा घाला. फरक ०.१ च्या आत असेल तर मशीन स्वतःशी तरी प्रामाणिक आहे. तेवढ्यानं समाधान होत नसेल तर गर्बर पद्धतीनं तपासून मागा. काचेच्या ब्युटायरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल, १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग फिरवायचं यंत्र आणि ६५ अंशांचं गरम पाणी. मानेवर पिवळट फॅटचा खांब उभा राहतो, तो वाचायचा. वाद झाला तर ही पद्धत शेवटचा शब्द मानतात. ती घरी करू नका. गंधकाम्लाचा एक थेंब लुगड्यावर पडला की तिथं भोकच राहतं, हे मी अनुभवानं सांगते.

चौथी: रवंथ, शेण आणि गव्हाण

मला सगळ्यात जास्त वेळ इथं लागतो, आणि फॅट एकदम पडलेल्या गोठ्यांत दोष बहुतेक इथंच सापडतो.

एक गोष्ट आधी डोक्यात बसवा: दुधातली निम्मी-अर्धी फॅट गाय कासेत स्वतः तयार करते, आणि त्याचा कच्चा माल कडब्यातून येतो. गाय चोथा खाते, पोटातले जिवाणू तो आंबवतात, त्यातून ॲसेटिक आम्ल तयार होतं (व्हिनेगरमध्ये असतं तेच), ते रक्तातून कासेत जातं आणि तिथं त्याची फॅट होते. उरलेली फॅट खाण्यातल्या तेलातून आणि गायीच्या अंगावरच्या चरबीतून येते. म्हणून खुराक वाढवून फॅट वाढेल असं धरून चालणारे फसतात. पिठूळ खुराकानं दूध वाढतं. फॅटला चोथा लागतो.

सकाळी अकराच्या सुमारास, गायी खाऊन बसल्या की गोठ्यात स्टूल टाकून बसा. घड्याळ बरोबर ठेवा. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करत असल्या पाहिजेत. एक घास वर आला की तो पन्नास-साठ वेळा चावला जातो. पस्तीस-चाळीसातच गिळत असेल तर चाऱ्यात चावण्यासारखं काही नाही. रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि लाळ हाच गायीचा घरचा सोडा. तो कमी पडला की पोट आंबतं.

मग शेण बघा. पातळ, चकचकीत, बुडबुडे आलेलं, त्यात मक्याचे अख्खे दाणे: पोट आंबलंय. एकाच चाऱ्यावर असून एका गायीचं शेण घट्ट आणि दुसरीचं पातळ असेल, तर गायी निवडून खातायत, पेंड चाटून कुट्टी टाकतायत.

गेल्या मार्चमध्ये एका गोठ्यात सहाही गायी ३.६ वरून पंधरा दिवसांत २.७ वर आल्या. कडबा संपला होता म्हणून नुसता मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) चालू केला होता. दूध घटू नये म्हणून गायीमागे सात किलो खुराक, तोही दोन वेळेत, वर "फॅटसाठी" अख्खी सरकी. मालक म्हणाला, मी तर फॅटसाठी एवढा खर्च करतोय! गोष्ट खरी होती, आणि फॅट त्या खर्चानंच पडली होती. मुरघास इतका बारीक कापलेला की मुठीत धरला तर भुगा. पोट आंबट झालं, त्यात सरकीचं तेल. अशा आंबट पोटात जिवाणू तेलाचं रूपांतर नेहमीच्या वाटेनं न करता भलत्याच वाटेनं करतात आणि त्यातून एक विशिष्ट फॅटी आम्ल तयार होतं. ते दिवसाला काही ग्रॅम जरी कासेत पोचलं तरी कासेतला फॅटचा कारखाना मंदावतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं हे उलगडून दाखवलं. सरकीनं फॅट वाढते हा आपल्याकडचा समज खोटा नाही, पण तो भरपूर कडबा असलेल्या गोठ्यातला समज आहे.

उपाय साधाच होता. गायीमागे तीन-चार किलो कोरडा कडबा, बोटाच्या पेराएवढे तुकडे, आणि तो खुराकाच्या आधी. खुराक चार वेळेत विभागला, एका वेळी दोन किलोच्या वर नाही. सरकी बंद. खायचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम, खुराकात मिसळून, दोन आठवडे. फॅट चौथ्या दिवशी हलत नाही, हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर लोक पाचव्या दिवशी बाटली आणतात. दहा दिवसांनी ३.१, तीन आठवड्यांनी ३.५.

उन्हाळ्यात एवढं सगळं नीट असूनही दोन-तीन पॉइंट (०.२-०.३ टक्के) जातात. एचएफ रक्ताची गाय उकाड्यात चारा टाकते आणि धापते, रवंथ मागे पडते. पहाटे आणि रात्री चारा घाला, पाणी चोवीस तास तोंडापुढे ठेवा. याच्यापुढे उन्हाशी भांडून फायदा नाही.

पाचवी: कास

सुप्त दगडीत (कासेच्या लपलेल्या सुजेत) कास बाहेरून चांगली दिसते, दूधही पांढरंच येतं, पण डिग्री पडते आणि फॅटचंही गणित बिघडतं. चार खणांच्या पांढऱ्या ताटलीत चारही सडांचं दोन-दोन चमचे दूध घ्या, सीएमटीचं (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं) द्रावण घाला, गोल फिरवा. शेंबडासारखं ओढलं गेलं तर त्या सडात दगडी आहे. ही तपासणी घरी करावी. उपचार घरी करू नयेत. कोणतं औषध, किती दिवस, आणि दूध किती दिवस टाकायचं, हे डॉक्टरनंच ठरवायचं.

सहावी: रक्त

वरचं सगळं नीट आहे, वही स्वच्छ आहे, रवंथ चालू आहे, आणि तरी गाय ३.३ च्या पुढे जात नाही. आता जातीबद्दल बोलू.

आकडे ढोबळ, पण उपयोगाचे: एचएफ साधारण ३.५, जर्सी ५ च्या जवळ, गीर साडेचार, खिलार-डांगी-देवणी सव्वाचारच्या आसपास. म्हैस सातला जाते, पण तिला या पोस्टमध्ये आणत नाही, नाहीतर भांडण वाढेल. संकर केला की फॅटची टक्केवारी आईबापांच्या मध्ये कुठेतरी पडते. संकरित जोम दुधाच्या लिटरमध्ये दिसतो, गाभण राहण्यात दिसतो, फॅटच्या टक्क्यात फारसा दिसत नाही. गीर आणि एचएफची पहिली कालवड चारच्या आसपास. तिला परत एचएफ भरवली तर ३.७५. तिच्या लेकीला परत एचएफ, की ३.६. दर पिढीला दूध वाढलं म्हणून आपण खूश होतो आणि फॅट पायरी-पायरीनं खाली जाते. पंचवीस-तीस वर्षांत बहुतेक गोठ्यांत हेच झालंय.

यात कुणी फसवलं नाही. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बायफ ही संस्था उभी केली आणि पुढे गोठवलेल्या रेतमात्रा दारापर्यंत आल्या, तेव्हा गरज लिटरची होती. चार लिटरच्या गायीच्या जागी बारा लिटरची गाय आली त्यावर आमच्यासारख्यांची घरं उभी राहिली. आमच्या शेजारी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फुले त्रिवेणी तयार केली, तिच्यात ५० टक्के एचएफ, २५ टक्के जर्सी आणि २५ टक्के गीर आहे. तो जर्सीचा पाव हिस्सा उगाच नाही. आपण मात्र घरी जी रेताची कांडी मिळेल ती भरत गेलो, आणि मिळत गेली ती बहुधा एचएफची.

एकाच गायीच्या दोन लेकी, एकच वळू, एकच दावण, आणि फॅटमध्ये चार पॉइंटचा फरक, हे कसं? माझ्याकडेच आहे. सासूबाईंच्या गीर कपिलेची एचएफपासून झालेली लेक राणी, फॅट ४.१. राणीला पुन्हा एचएफ भरवली, दोन वेतांत दोन कालवडी: सोनी आणि मैना. सोनीला ३.८ लागते, मैनेला ३.४. मला वाटायचं मैना खात नाही नीट.

२००२ मध्ये बेल्जियम आणि जर्मनीतल्या दोन गटांनी गायीच्या चौदाव्या गुणसूत्रावरचं एक जनुक दाखवलं, डीजीएटी-१ नावाचं. त्याचं काम कासेत फॅट बांधायचं. त्याची दोन रूपं असतात: एक फॅटची टक्केवारी वाढवतं पण दूध थोडं कमी करतं, दुसरं उलट. आपल्या वशिंडाच्या गायींत जवळजवळ सगळीकडे पहिलं रूप. एचएफमध्ये दोन्ही, आणि दुसऱ्याचा भरणा मोठा. कपिलेकडून राणीला फॅटवालं रूप नक्की आलं. राणीच्या लेकींना तिच्याकडून फॅटवालं रूप येणार की तिच्या एचएफ बापाकडचं, हा छापा-काटा. सोनीला छापा पडला आणि मैनेला काटा, असा माझा हिशेब. तपासणी केलेली नाही, आणि फॅटवर इतरही जनुकं काम करतात, पण मैनेच्या गव्हाणीत जास्तीची पेंड टाकणं मी त्या दिवसापासून बंद केलं. तिचं दूध सोनीपेक्षा तीन लिटर जास्त आहे, ते मी आधी बघतच नव्हते.

कारण टक्का आणि वजन या वेगळ्या गोष्टी आहेत. १८ लिटर देणारी ३.५ ची गाय दिवसाला सुमारे ६५० ग्रॅम फॅट देते. ८ लिटर देणारी ४.६ ची गीर सुमारे ३८० ग्रॅम. पावतीवर गीर जिंकते, पगारात एचएफ. तेव्हा नुसत्या फॅटवर गाय विकायला काढू नका.

टक्क्याच्या पलीकडे फॅटची जातकुळीही जातीवर ठरते. जर्सीच्या फॅटमध्ये लहान आणि मध्यम साखळीची संपृक्त आम्लं जास्त, म्हणजे कासेत तयार होणारी. एचएफच्या फॅटमध्ये ओलिक आम्ल तुलनेनं जास्त, ते मऊ असतं. जर्सीच्या फॅटचे थेंबही मोठे, म्हणून साय लवकर वर येते आणि जाड धरते. डेअरी याचे पैसे देत नाही, पण घरी लोणी-तूप विकणाऱ्यांनी हे धरून चालावं: एचएफच्या दुधाचं लोणी जरा मऊ राहिलं तर विरजण बिघडलं असं समजू नये. माझा आणखी एक घरचा ठोकताळा आहे, पुरावा म्हणणार नाही: गोठ्याची फॅट चाऱ्यामुळं पडते तेव्हा लोणी नेहमीपेक्षा मऊ येतं, कारण कासेत तयार होणारा वाटा आधी घटतो.

पिवळं दूध म्हणजे जास्त फॅट, हे विसरा. पिवळेपणा हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. सगळ्यात जास्त फॅटचं म्हशीचं दूध पांढरंफेक असतं. आणि ए-टू, ए-टू जे चाललंय ते प्रथिनाबद्दल आहे, फॅटशी त्याचा संबंध नाही. केंद्रावर रोज कोणीतरी विचारतं म्हणून लिहिलं.

मग करायचं काय? गाय माजावर आली की भरवणाऱ्याला "कोणतीही टाक" म्हणू नका. कांडीवर वळूचा नंबर असतो, तो वहीत लिहा. वळूच्या माहितीपत्रकात मुलींच्या दुधाबरोबर फॅटच्या टक्क्याचा आकडा असतो, तो अधिकमध्ये आहे की उण्यात ते विचारा. एकाच जातीच्या गायींमध्ये फॅटच्या टक्क्यात जो फरक दिसतो त्यातला साधारण निम्मा रक्ताचा असतो, लिटरमध्ये तो जेमतेम पाव. म्हणजे वळू निवडून फॅट दुधापेक्षा लवकर हलते. एचएफ रक्त तीन-चतुर्थांशाच्या वर गेलेल्या गायीला मी आता जर्सी किंवा अधिक फॅटचा एचएफ वळू सुचवते. सगळ्याच गायींना जर्सी भरवू नका, गोऱ्हा आणि लहान अंगाची गाय यांना बाजार कमी असतो. एक-दोन पुरतात. प्रत्येकी १५ लिटरच्या तीन ३.४ वाल्या एचएफ आणि एक १० लिटरची ४.६ ची जर्सी संकरित, यांचं एकत्र दूध ३.६ भरतं. पावती ३.५ च्या वर गेली, काम झालं.

गाय विकत घेताना कानातला बारा आकडी बिल्ला बघा. नोंद झाली असेल तर तिच्या रेतनाची माहिती मिळू शकते. जनुकांवरून रक्त तपासणारी गौचिपही २०२४ मध्ये वाशिमला जाहीर झाली, पण एका-दोन गायींच्या गोठ्यानं त्यात पडायचं कारण मला दिसत नाही. वही पुरते.

हिशेब लक्षात ठेवा: आज भरवली तर नऊ महिन्यांनी कालवड, ती अडीच-तीन वर्षांनी विणार, तेव्हा तिची पहिली फॅट. म्हणून ही तपासणी शेवटची.

इथं थांबा आणि डॉक्टरला बोलवा

व्यायल्यापासून दीड महिन्याच्या आत फॅट ५ च्या वर, गाय दिवसेंदिवस वाळतेय, पेंड टाकतेय आणि तोंडाला गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येतोय: अंगावरची चरबी वितळून दुधात येतेय आणि तिला कीटोसिस झालाय. ही फॅट नफ्याची नाही. त्याच दिवशी फोन.

फॅट पडली आणि सोबत गाय खातच नाही, पोट गच्च, रवंथ पूर्ण बंद, किंवा शेण आंबूस वासाचं पाण्यासारखं. खुराकाच्या पोत्याला तोंड घालून धान्य खाल्लं असेल तर तासांचा प्रश्न आहे, सकाळची वाट बघू नका.

दुधात गुठळ्या, रक्त, कास गरम किंवा दगडासारखी. ताप. व्यायल्यावर बसली ती उठत नाही.

चारा बदलून पूर्ण तीन आठवडे झाले, वही लिहिली आहे, आणि सगळ्या गोठ्याची फॅट ३ च्या खालीच आहे. इथं पशुवैद्यक किंवा पशुआहारातला जाणकार रेशन मोजून देईल, अंदाजावर आणखी एक पोतं आणू नका.

फोनवर एवढं सांगता आलं पाहिजे: गाय कधी व्यायली, दूध किती होतं आणि आज किती, फॅट-डिग्री गेल्या दहा दिवसांची, चारा-खुराकात शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला, रवंथ आहे का, शेण कसं आहे. आणि डॉक्टर येईपर्यंत पोट गच्च झालेल्या गायीला तेल, ताक, सोडा काहीही नळीनं पाजू नका. चुकून फुप्फुसात गेलं तर फॅटचा विषयच संपतो.